पुतळ्यात बिघाड

३ फेब्रुवारी

सेंटरच्या फळ्यावर नोटीस लागली. ॲम्ब्युलन्सवरच्या सगळ्यांची परीक्षा. ड्रायव्हर असो की मदतनीस, सुटका नाही. विषय: प्राथमिक वैद्यकीय ज्ञान. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक. नापास होईल तो गाडीवरून खाली.

सगळ्यांचे चेहरे पडले. माझा नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. ह्यांचं प्रथमोपचाराचं जाडं पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा हे नुकते गाडीवर लागले होते. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा मी उलगडून शेवटपर्यंत वाचते. भीती वाटायचीच तर परीक्षा घेणाऱ्याला वाटावी.

भोंग्याने नोटीस वाचून विचारलं, वहिनी, आपलं कसं व्हायचं? भोंगा म्हणजे आमच्या गाडीचा ड्रायव्हर. रिकाम्या रस्त्यावरही सायरन वाजवतो म्हणून सगळे त्याला तसं म्हणतात. समोर मी भाऊजीच म्हणते. म्हटलं, भाऊजी, तुमचं मी बघते.

संकल्प: पहिला नंबर.

गाडी काही मी सोडणार नाही. हे गेल्यावर ह्यांच्या जागी मला कपड्यांच्या खोलीत घेत होते. चादरींच्या घड्या घालायला. मी साहेबांना सरळ सांगितलं, नोकरी द्यायची तर गाडीवर द्या. ड्रायव्हरच्या खिडकीची कड ह्यांच्या कोपराने गुळगुळीत झाली आहे. तिथला रंगही गेला आहे. भोंग्याला ताकीद दिली आहे, तिथे कोपर टेकायचं नाही.

४ फेब्रुवारी

वेळापत्रक तयार. रोज एक प्रकरण. जखमा, भाजणं, हाड मोडणं, विषबाधा, घशात काही अडकणं. छाती दाबण्याचं प्रकरण शेवटी ठेवलं. सोपं आहे. त्यात वाचण्यासारखं फार नाही, चित्रंच जास्त.

वेळापत्रक भिंतीला लावायला खिळा ठोकला. वन्सं बघत होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, पण सगळ्यांसारखं त्याही ह्यांना दादाच म्हणतात. हे गेल्यापासून इथेच असतात. माझ्या सोबतीला आल्या असं त्या म्हणतात. त्यांच्या सोबतीला मी आहे असं मी म्हणते. दोघींचंही खरं धरू. म्हणाल्या, दादाच्या फोटोला खिळा मागितला तेव्हा भिंत भुसभुशीत होती ना गं तुझी?

म्हटलं, तेव्हा होती. आता वाळली.

७ फेब्रुवारी, दुपार, गाडीत

कॉल नाही. भोंग्याचा अभ्यास घेतला. विचारलं, पेशंट भाजला असेल तर सगळ्यात आधी काय लावाल? म्हणाला, गिअर.

मग झटक्याची लक्षणं. म्हटलं, पेशंटला दोन्ही हात वर करायला सांगायचं. एक खाली घसरला तर मेंदूचा झटका. तो म्हणाला, वहिनी, मी हात वर करा म्हटलं तर लोक खिशातलं पाकीट काढून देतील, माझं तोंडच तसलं.

नाकातून रक्त आलं तर? तो म्हणाला, डोकं मागे. पुस्तकात डोकं पुढे आहे. मात्र ह्यांचंही म्हणणं मागेच असतं. मी थोडा विचार करून सांगितलं, सरळ ठेवा. म्हणजे पुस्तकाचाही मान राहतो आणि ह्यांचाही.

एकंदरीत मुलगा कच्चा आहे. मेहनत घ्यावी लागेल. माझीच दगदग.

९ फेब्रुवारी

सिस्टरांनी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून छाती दाबायला शिकवलं. माझ्या वेळापत्रकात हे आज नव्हतं.

पुतळा आहे. डोकं आणि धड. हात नाहीत, पाय नाहीत. तोंड उघडं, आत्ताच काही विचारणार होता असं. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांद्याचं वजन खाली. पुरेसं खोल गेलं की आतून 'टक्' असा आवाज येतो आणि हिरवा दिवा लागतो. नाही तर लाल.

भोंगा बसला. टक् टक् टक्. भिंतीवरचं घड्याळ बरं.

मग मी. लाल.

सिस्टर म्हणाल्या, बाई, जोरात. म्हटलं, जोरातच आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही त्याला थोपटताय. झोपवायचं नाहीये, उठवायचंय! सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

ह्यांच्या वेळी मी मागे बसले होते. हे बुटाची नाडी बांधता बांधता पडले आणि फोन केला तर गाडी ह्यांचीच आली. भोंगा तेव्हा ड्रायव्हर नव्हता, ह्यांचाच मदतनीस होता. तो दाबत होता. आतून आवाज आला. टक् नाही, वेगळा. बरगडीचा. मी म्हटलं, भाऊजी, हळू, त्यांना दुखतंय. त्याने ऐकलं नाही. हात फार जड आहे त्याचा. म्हणूनच पुढे त्याला ड्रायव्हर केलं असणार.

असो. पुतळ्याची स्प्रिंग कडक झाली आहे. माझ्या आधी इतक्या लोकांनी दाबल्यावर काय होणार?

१० फेब्रुवारी

सिस्टरांकडून पुतळा घरी मागून घेतला, परीक्षेपर्यंत. माझी जिद्द पाहून त्यांनी स्वतःच पिशवी काढून दिली. मग म्हणाल्या, न्या.

पिशवीत मावला, पण डोकं बाहेर. बसमध्ये मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट? म्हटलं, अहो, हा अर्धाच आहे. तो म्हणाला, मग हाफ. मागच्या बाकावरचे बराच वेळ हसत होते. पुतळ्याचं तोंड मी खिडकीकडे वळवलं.

वन्संनी दार उघडलं. आधी मला पाहिलं, मग पुतळ्याला. म्हणाल्या, आमच्या दादाला चांगले दोन हात होते, तरी जन्मात कपबशी विसळली नाही. हा तर बिनहाताचाच आणलास!

खुर्चीत ठेवला. जेवताना तो आमच्याकडे बघत होता. वन्संनी मधेच उठून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. म्हणाल्या, पाहुणा आहे तर पाहुण्यासारखा राहू दे, ताटात काय बघतो.

११ फेब्रुवारी

पलंगावर सराव केला. आवाज आला नाही. गादी मऊ आहे, सगळा दाब गादीत जातो. पुस्तकातही तसं लिहिलं आहे.

जमिनीवर केला. फरशी गार. गार फरशीवर स्प्रिंग आखडत असणार.

मग लक्षात आलं, पेशंट काही उघडे येत नाहीत. कपड्यात येतात. सराव खरा व्हायला हवा. कपाटातून ह्यांचा आकाशी शर्ट काढून घातला. बाह्या आत दुमडल्या. बटणं लावली. गळ्याला जरा सैल झाला, बाकी ठीक.

आता दाबावं तर शर्ट चुरगळतो. इस्त्रीचा आहे. हळूच दाबलं. नियमाप्रमाणे खरं तर कात्रीने शर्ट उभा कापायचा असतो. तेवढं परीक्षेत करेन.

वन्सं भाजी घेऊन आल्या. दारातच थांबल्या. पिशवी ओट्यावर ठेवली आणि पुन्हा बाहेर गेल्या. काही आणायचं राहिलं असेल. परत आल्या तेव्हा हातात काही नव्हतं.

१३ फेब्रुवारी

महत्त्वाचा शोध.

वन्सं जमिनीवर बसून शेंगा सोलत होत्या. गुडघे धरतात त्यांचे. उठताना आधार हवा म्हणून शेजारी पडलेल्या पुतळ्यावर हात टेकला. टक्! हिरवा दिवा.

वन्सं दचकून म्हणाल्या, अगं, हा बोलला!

मी शांतपणे निरीक्षण केलं. मी इतके दिवस रीतसर दाबते तर वाजत नाही, आणि एक म्हातारी नुसती टेकली तर वाजतो. याचा अर्थ उघड आहे. पुतळ्यात बिघाड आहे. मनात येईल तेव्हा वाजतो.

वन्सं म्हणाल्या, तू एकदा माझ्यासारखी टेकून बघ की. म्हटलं, परीक्षा शास्त्रशुद्ध असते.

१६ फेब्रुवारी

लेखी परीक्षा झाली. उत्तम गेली.

पद्धत मात्र चुकीची. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि चार गोल. एकच गोल काळा करायचा. माणसाच्या दुखण्याला एकच उत्तर असतं, हे ज्याने ठरवलं त्याच्या घरात कुणी आजारी पडलेलं नसावं. जिथे दोन पर्यायांत थोडं थोडं खरं वाटलं तिथे मी दोन्ही गोल काळे केले. नाकातल्या रक्ताच्या प्रश्नाला 'डोकं पुढे' आणि 'डोकं मागे' दोन्ही. समासात कारणही लिहिलं. तपासणाऱ्याला वाचायला चांगलं वाटेल.

छाती दाबण्याचे प्रश्नही होते. किती खोल, किती वेगाने, हात कुठे. सगळे बरोबर लिहिले. म्हणजे ज्ञान आहे. तेच तर तपासायचं आहे ना?

भोंगा गोल काळे करताना प्रत्येक प्रश्न ओठ हलवत वाचत होता. बिचारा.

१८ फेब्रुवारी

कॉल. शिंपी दुकानात मशीनवरच कोसळला. गेलो तेव्हा श्वास होता, डोळे उघडे होते. बायको सोबत आली. शिंप्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. मी ती काढली, गुंडाळून बायकोच्या हातात दिली. कॉलर सैल केली. सगळं नियमाप्रमाणे.

अर्ध्या वाटेत श्वास थांबला. खांदे हलवून हाक मारली. उत्तर नाही. मान मागे, हनुवटी वर, गालाशी कान. श्वास नाही. इथपर्यंत एकही चूक नाही.

हात ठेवले. दाबायला लागले.

बायको म्हणाली, बाई, हळू हो, दुखेल त्यांना.

तिचं ऐकायला नको का? ती घरची. तिला माहीत, कुठे दुखतं, किती दुखतं. मी हात सैल केला.

भोंग्याने आरशात पाहिलं. कचकन ब्रेक. भर रस्त्यात गाडी उभी. मागचं दार उघडून आत आला, मला बाजूला सारलं आणि स्वतः बसला. दाबायला लागला. तोच आवाज. बायको ओरडली. मीही म्हटलं, भाऊजी, हळू! तो माझ्यावर केवढ्याने खेकसला, वहिनी, फुगा धरा, श्वास द्या! फुगा धरला. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

त्याने ओरडत ओरडतच कंट्रोलकडून दुसरी गाडी मागवली. तिच्यातून छातीला विजेचा झटका द्यायचं मशीन आलं, आमचं दुरुस्तीला गेलं आहे. दुसऱ्या गाडीचा मदतनीस दाबायला बसला आणि भोंगा पुन्हा चाकावर गेला. मी बायकोचा हात धरून बसले. तेही काम असतंच.

परत येताना भोंग्याला सांगितलं, भर रस्त्यात गाडी थांबवणं नियमात बसत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सायरनही लावला नाही.

१९ फेब्रुवारी

शिंपी वाचला. शुद्धीवर आला. भोंगा सकाळी जाऊन बघून आला. म्हणाला, उठून बसलाय, बरगडी दुखते म्हणून नर्सला बोलतोय.

म्हटलं, बघा! मी काय सांगत होते? दुखतं ते.

भोंगा हसला. मग हसता हसता थांबला. स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, वहिनी, त्या दिवशी मी जोरात दाबलं म्हणून दादा गेले नाहीत. ते गेले होते म्हणून मी दाबत होतो.

ड्रायव्हर लोक काहीही बोलतात. मी विचारलं, नाकातून रक्त आलं तर? तो म्हणाला, डोकं पुढे. बरोबर आलं. मुलगा सुधारतोय.

कालचं त्याने साहेबांना काही सांगितलेलं दिसत नाही. आपला हात किती जड आहे ते साहेबांना कळू नये, असं त्याला वाटत असेल. मीही सांगितलं नाही. एकमेकांना सांभाळून घ्यावं.

२१ फेब्रुवारी

निकाल. यादीत पहिलं नाव माझं!

वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, वाचलीस बाई, घरी ये. येताना साखर आण.

तीच तारीख, संध्याकाळ

यादी गाड्यांच्या नंबराप्रमाणे आहे. आमची गाडी पहिली. मार्क शेवटच्या रकान्यात असतात हे कुणी आधी सांगायला हवं होतं. मी काठावर पास आहे. दोन गोल काळे केलेली सगळी उत्तरं यंत्राने बाद केली. समास यंत्र वाचतच नाही म्हणे. भोंग्याला माझ्यापेक्षा बरेच जास्त. शिकवणाऱ्याचे मार्क शिकणाऱ्याला जातात, ही रीतच आहे.

साखर नेली. गोड खाताना वन्संनी विचारलं, पहिली आलीस ना? म्हटलं, यादीत आले.

२३ फेब्रुवारी

उद्या प्रात्यक्षिक. पुतळा परत न्यायचा आहे. ओल्या फडक्याने पुसला. कानामागे धूळ होती.

शेवटचं प्रकरण आज वाचायला काढलं. चित्रं स्वच्छ आहेत. चित्रातल्या माणसाला चेहरा काढलेला नाही. ते बरं. अर्ध्यावर डोळे दुखायला लागले. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

शर्ट काढून घेतला. धुवायला टाकला नाही, तसा मळलेला नाही. वन्सं म्हणाल्या, इकडे दे, मी घडी करते. म्हटलं, राहू द्या, मी करते. मग दोघींनी मिळून एका शर्टाची घडी केली.

संकल्प: उद्या टक्.

२४ फेब्रुवारी

परीक्षक बाहेरचे. तरुण डॉक्टर, गळ्यात शिट्टी असल्यासारखं स्टॉपवॉच. सिस्टर शेजारी उभ्या. प्रत्येक जोडीला आत बोलवत होते. ड्रायव्हरने श्वास द्यायचा, मदतनिसाने दाबायचं.

मी खणखणीत सुरुवात केली. परिसर सुरक्षित आहे का पाहिलं, हॉलमधला पंखासुद्धा पाहिला. हाक मारली. मदत मागवली. श्वास पाहिला. डॉक्टर मान डोलावत होते. सिस्टर मान डोलावत होत्या.

शर्ट नव्हता. नुसती छाती.

हात ठेवले. लाल. लाल. लाल.

डॉक्टर म्हणाले, जोरात. सिस्टर म्हणाल्या, बाई, अहो, कोपर ताठ करा. समोर भोंगा गुडघ्यावर बसला होता. तो फक्त माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, वहिनी, दाबा. काही होत नाही त्याला.

मी म्हटलं, दुखेल.

हॉलमध्ये सगळे गप्प झाले. बहुधा माझ्या उत्तराचा विचार करत असावेत.

डॉक्टरांनी घड्याळ थांबवलं. सिस्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो किती वेळ काढलाच नाही. त्यांना चक्कर येत असेल.

नापास. मात्र एक संधी आहे. फेरपरीक्षा शेवटच्या तारखेला.

२५ फेब्रुवारी

साहेबांकडे लेखी तक्रार दिली. विषय: सरावाच्या पुतळ्यात बिघाड असल्याबाबत. वन्सं टेकल्या होत्या तो प्रसंग तपशीलवार लिहिला. तंत्रज्ञ बोलावून तपासणी व्हावी आणि तोपर्यंत माझा निकाल राखून ठेवावा, अशी विनंती.

साहेबांनी वाचलं. वन्सं कोण, विचारलं. म्हटलं, माझी नणंद. ते म्हणाले, त्या गाडीवर यायला तयार आहेत का?

साहेबांना विनोद कुठे करावा ते कळत नाही.

२८ फेब्रुवारी

फेरपरीक्षा. माझ्या तक्रारीची दखल घेऊन दुसऱ्या सेंटरचा पुतळा आणला होता. कोरा. मानेवर प्लास्टिक तसंच. म्हणजे माझं म्हणणं त्यांना पटलं.

भोंगा बाहेर खिडकीशी उभा होता. काचेतून मला दोन्ही कोपर ताठ करून दाखवत होता, पुन्हा पुन्हा, खांद्यातून खाली झुकत. येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते. त्याला लाज नाही.

हात ठेवले. हा पुतळा नवा, याचं तोंड मिटलेलं. याच्यात ह्यांच्यासारखं काही नाही. सराव केलेला नाही, ओळख नाही, शर्ट नाही. म्हटलं, आता होईल. खांदे वर आणले. कोपर ताठ केले. डोळे मिटले.

मिटल्यावर बुटाची नाडी दिसली. एका पायाची बांधलेली, एका पायाची राहिलेली.

लाल.

हाही बिघडलेला. कंपनी एकच असणार.

२ मार्च

कपड्यांच्या खोलीत रुजू झाले. तात्पुरतं. तपासणीचा अहवाल येईपर्यंत.

खोली बरी आहे. खिडकी आहे. धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, गठ्ठे करायचे, कपाटात लावायचे, सकाळी गाड्यांना द्यायचे. वाचायला वेळ मिळेल. जाडं पुस्तक सोबत नेलं होतं. उघडलं नाही, पहिला दिवस.

आमच्या गाडीवर नवी मदतनीस आली आहे. उंच पोरगी, मनगटं जाड. प्रात्यक्षिकात तिच्या टकटकीने डॉक्टरांचं पेन टेबलावरून खाली पडलं म्हणे. भोंग्याने स्वतःच तिला आणून ओळख करून दिली. मी सांगितलं, लेखी परीक्षेची तयारी हवी असेल तर ये. ती म्हणाली, हो मावशी. चांगली आहे पोर.

६ मार्च

घरी वेळापत्रक काढून टाकलं. खिळा राहिला. वन्संनी खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भिंत तशी अजून थोडी ओलीच आहे.

११ मार्च

तंत्रज्ञ येऊन गेला. दोन्ही पुतळे उघडून पाहिले. एका हाताने दाबून पाहिले. अहवालाची प्रत मला दिली आहे. स्प्रिंग, दिवा, आवाज, सर्व काही व्यवस्थित. पुतळे ठणठणीत आहेत.

साहेब म्हणाले, मग बाई, इथेच राहा आता. म्हटलं, हो.

आज धुणं जास्त आलं. कपाटाचं दार लागेना. चादरींचा गठ्ठा वर आला होता. स्टुलावर चढले. गठ्ठ्याच्या मधोमध तळहात ठेवला, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांद्याचं सगळं वजन खाली. दाबला. पुन्हा दाबला. पार बसेपर्यंत. केस सुटले, दम लागला, तरी थांबले नाही.

मागे वळले तर दारात भोंगा. गाडीच्या चादरी न्यायला आला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, वहिनी, हेच तर. अगदी असंच.

मी त्याच्या हातात चादरी दिल्या. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत खिडकीतून बघत राहिले. रस्ता मोकळा होता, तरी सायरन नाही. त्याचं कोपर आत घेतलेलं होतं.

त्याला म्हटलं होतं, भाऊजी, चादरींना दुखत नाही.